बाजूचं लोखंड

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाई. आणि माझ्यासारख्यानं एखादी गोष्ट न बोलणं म्हणजे काय, ते तुला कळणार न्हाई — मी पोटासाठीच बोलतो. नांदेडात लग्न असू दे, बारसं असू दे, साडीच्या दुकानाचं उद्घाटन असू दे, माईक माझ्या हातात. मी आवाज काढतो. एसटीचा कंडक्टर, मोंढ्यात धान्याची बोली बोलणारा अडत्या, अहमदपूरच्या शाळेतले आमचे हेडमास्तर — ते 'शांतता' एवढ्या जोरात ओरडायचे की मागच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची. दुसऱ्याच्या गळ्यातनं बोलायला मला कधी अडचण आली न्हाई. स्वतःच्या गळ्यातनं ही एक गोष्ट काढायची म्हटलं की मात्र — असू दे. सुरू तर करतो.

गाडीपासून सुरू करू. गाडीचं बोलताना मला बरं वाटतं.

मन्मथदादा नांदेडच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात माझा सीनियर. लातूरला त्याच्या वडलांची डाळमिल. वडलांना सगळे अप्पा म्हणतात, मी बी. दादा शिकून घरी आला, आणि मिल बघायची सोडून मिलच्या मागच्या शेडात गाडी बनवत बसला. मी नोकरी लागंपर्यंत मदतीला म्हणून गेलो. दीड वर्ष राहिलो.

कसली गाडी? तर पळणारी. बाकी काहीच न करणारी. छत न्हाई, दरवाजे न्हाई, पुढची काच न्हाई, एसी तर विचारूच नको. जुन्या आठशे सीसीच्या गाडीचं इंजिन, खाली पाईपांचा सांगाडा, त्यावर पत्रा, आणि बसायला पाय कापलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. दादाचा एकच नियम — जे काढून बी गाडी चालते, ते काढायचं. हॉर्न काढला. स्पीडचा मीटर काढला. नंबरप्लेट तर कधी लावलीच न्हाई; मी म्हणायचो, दादानं कायदासुद्धा वजनासाठी काढून टाकला. दर पंधरा दिवसाला गाडी मिलच्या भुईकाट्यावर चढवायची, जिथं तुरीचे ट्रक तोलतात तिथं. शेवटी काटा चारशे ऐंशी किलोवर थांबला. म्हणजे तुरीची दहा पोती बी न्हाई! चार हमालांनी हसत-हसत उचलून दाखवली. अप्पा लांबून बघायचे आणि म्हणायचे, "पोरानं शिकून माझ्यासाठी हातगाडा बनवला, आं?"

आणि हे सगळं लोखंड एकमेकाला धरून होतं ते खाजाचाचामुळं.

खाजाचाचा वेल्डर. मिलच्या समोरच त्याचं पत्र्याचं दुकान. त्या भागातल्या सगळ्या डाळमिलांचं काम त्याच्याकडं — चाळण्या, शटर, धान्य वर नेणाऱ्या लिफ्टचे डबे. वेल्डिंगला तिथं टाका म्हणतात, आणि चाचाचा टाका म्हणजे बोलायचं कामच न्हाई. मारून झाला की हातोडीनं हळूच ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा, डॉक्टर छाती तपासतो तसा. पसंत न्हाई पडला तर कापून परत. दादाच्या गाडीचा प्रत्येक टाका त्यानं असा ऐकलेला. पुढच्या चाकांना सांगाड्याशी धरून ठेवणारे जे लोखंडी दांडे असतात, त्यांना आम्ही आर्म म्हणतो, ते लावताना त्यानं मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं — "बेटा, ये कभी मुडा तो निकालके फेक देना. ठंडे में ठोक के सीधा नै करना. सीधा दिखता, रहता नै."

मला एकट्याला सांगितलं होतं. हे ध्यानात ठेव. मी विसरू शकलो न्हाई.

आता खरी अडचण. दीड वर्ष मी ती गाडी ढकलली, पुसली, तोलली, तिच्याखाली झोपलो. पण चालवायची कुणी? तर फक्त दादानं. मी विचारलं की म्हणायचा, "तू नंतर. तू बोलतो लई, चालवताना बी बोलशील." हसायचा. मी बी हसायचो. नंतर म्हणजे कधी? ते त्यालाच माहीत.

मंग आली येळवस. तू लातूरकडचा नसशील तर सांगतो — वेळ अमावस्या. त्या दिवशी आख्खं शहर शेतात जातं. दुकानं बंद, मिल बंद, क्लासेस बंद, रस्त्यावर कर्फ्यू लागल्यासारखं. शेतात कडब्याची कोप करायची, पूजा करायची, भज्जी-आंबील-उंडे खायचे. आणि शेतापासनं जो कुणी जाईल, ओळखीचा असू दे नसू दे, त्याला ओरडून जेवायला बोलवायचं.

दादा, अप्पा, घरचे सगळे सकाळीच शेतात गेले. मिलवर राहिले एकटे तुकाराममामा, वॉचमन. किल्ली त्यांच्यापाशी. मिलच्या ऑफिसात जुना लँडलाईन हाय, कुणाचा नंबर दिसत न्हाई. मी बाहेरनं त्याच्यावर फोन लावला. अप्पा प्रत्येक वाक्याआधी खाकरतात आणि नंतर 'आं?' म्हणतात — मला तर ते झोपेत बी जमतं.

"तुकाराम, किल्ली त्या अहमदपूरच्या पोराला दे. गाडी साफ करायची हाय त्याला. आणि तू जाय शेतात. सण हाय, लेकरात जेव, आं?"

मामांनी दोनदा विचारलं, "खरंच जाऊ का अप्पा?" सोळा वर्षात अप्पांनी येळवसीला सुट्टी दिली नव्हती. दुसऱ्या दिवशी मामा अप्पांच्या पाया पडले. आणि अप्पा — अप्पांनी फुकटात मिळालेलं पुण्य नाकारलं न्हाई. नुसतं 'हं' म्हणाले. मी तिथंच उभा होतो. लई हसू आलं मला.

तुला वाटेल, हीच ती चूक. चोरून गाडी नेली, म्हाताऱ्या वॉचमनला फसवलं. न्हाई रे. याचं तर मला आज बी काही वाटत न्हाई. मामा पोटभर जेवले.

आणि ती गाडी चालवणं — ते कसं सांगू? आपल्या नेहमीच्या गाडीत रस्ता काचेपलीकडं असतो, टीव्हीत असल्यासारखा. हिच्यात रस्ता मांडीखालनं जातो. हात बाहेर सोडला तर बोटं डांबराला लागतील एवढं खाली बसतो तू. स्टेअरिंग फिरवायचं नसतंच, नुसतं मनगट हलवायचं आणि गाडी वळून मोकळी. खडा आला तर कोणत्या चाकाखाली आला ते पाठीला कळतं. डिसेंबरची थंडी दातावर लागून राहिलेली, डोळ्यात पाणी, हरभऱ्याचा आंबट वास, मधीच कुठंतरी चुलीचा धूर. तिसऱ्या गिअरात दाबली की इंजिन असं ओरडायचं की मी बी सोबत ओरडायचो. वेग किती होता? काय माहीत. मीटर काढलेला होता.

आष्टामोड मागं टाकलं. चाकूरकडं निघालो. रस्ता रिकामा. दोन्ही बाजूंनी शेतात माणसंच माणसं, आणि ही उघडी गाडी बघून सगळे उठून उभे राहायले. बाया पदर तोंडाला लावून हसायल्या. आणि जो-तो ओरडायला — "ओ पाव्हणं, या जेवायला!" आता मला सांग, एवढी माणसं आपल्याकडं बघत असताना मी गप बसंन? मी एक हात वर केला आणि हेडमास्तरांच्या आवाजात ओरडलो, "शांतता!" शेतातनं हशा आला. पुढच्या शेताला कंडक्टर. त्याच्या पुढच्याला अडत्या. दादा बरोबर म्हणायचा — मी चालवताना बी बोलतो.

गावकऱ्यांनी मुरूम-दगड टाकून घरीच केलेला गतिरोधक मला दिसलाच न्हाई.

धाड! पुढचं डावं चाक उडालं आणि परत खाली बसलं ते तिरकं. मला खरचटलं बी न्हाई. शेतातले पळत आले, पहिल्यांदा मला ओढत नेऊन जेवायला बसवलं — सणाचा पाव्हणा ना मी — आणि मंग गाडीकडं बघितलं. आर्म वाकला होता. धनुष्यासारखा. टाका जागच्या जागी, केसाएवढी फट न्हाई; त्याच्या बाजूचं लोखंड वाकलेलं.

एकानं बोअरचा जुना पाईप आणला, दुसऱ्यानं घण. चौघांनी गाडी धरली. मी आर्ममध्ये पाईप अडकवून जोर लावला, वरनं ठोकलं. थंडं लोखंड. ठोकताना चाचाचं बोलणं मला आठवलं का? आठवलं. शब्दन् शब्द. तरी ठोकला. सरळ दिसायला लागला. हळूहळू लातूरला आणली, रंग उडाला होता तिथं काळा स्प्रे मारला, किल्ली खिळ्याला अडकवली. आणि रात्रीला मस्त झोपलो. खोटं कशाला सांगू?

सांगायला चार दिवस होते माझ्यापाशी. 'दादा, आर्म बदल' — एवढंच म्हणायचं होतं. नवीन आर्म बनवायला चाचाला अर्धा दिवस लागला असता. मी कितीदा तोंड उघडलं, माहीत हाय? प्रत्येक वेळी काहीतरी विनोद बाहेर आला.

पाचव्या दिवशी अप्पा गाडीत बसायला तयार झाले. दीड वर्षात पहिल्यांदा. दादाचा चेहरा बघायचा होतास तू! मिलच्या अंगणात हमाल गोळा, बाजूच्या मिलांचे मालक बी आले. अप्पांनी टोपी घट्ट केली, खुर्चीत बसले, धोतर गोळा केलं. दादानं अंगणात एक चक्कर मारली. दुसऱ्या चकरंत भुईकाट्यापाशी वळवताना आर्म तुटला. चाक निघून एकीकडं गेलं, गाडी तुरीच्या पोत्यांच्या थप्पीत घुसली. पोती होती म्हणून अप्पा वाचले. उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

मी त्यांना उचलायला सगळ्यात आधी पळालो. हे बी सांगून ठेवतो, कारण सगळ्यांनी माझं लई कौतुक केलं त्याचं.

पण हे बी ते न्हाई. मी घोळून-घोळून तिथंच यायलो, थांब.

दुसऱ्या दिवशी अप्पा हात गळ्यात बांधून अंगणात खुर्ची टाकून बसले. खाजाचाचाला बोलावलं. तुटलेला आर्म समोर फेकलेला. कालचीच सगळी माणसं भोवती. अप्पा म्हणाले, "खाजा, तुझा टाका तुटला. माझा जीव गेला असता, आं?"

चाचा पुढं आला. खाली उकिडवा बसला. आर्म उचलला, उन्हात धरला, अंगठा फिरवला. मंग वर बघून म्हणाला, "मेरा टाका नै टूटा सेठ. बाजू का लोहा टूटा."

कुणीतरी 'एकच की ते' म्हणालं. चाचानं मान हलवली. नखानं रंग खरवडला. आणि म्हणाला, "कोई ठोक के सीधा करा इसकू. ये रंग बी मैं नै मारा. किसने मारा?"

आणि तो एक-एकाकडं बघायला लागला. रागानं न्हाई. खरंच विचारत होता. हमाल एकमेकाकडं बघायले. दादा त्या काळ्या रंगाकडं बघायला लागला — आणि तो रंगाचा डबा शेडात कुठं असतो, कोण वापरतो, हे दादाला चांगलं माहीत होतं. मला दिसलं की त्याची मान आता वळणार. माझ्याकडंच वळणार.

मंग मी ते केलं.

मी चाचासारखा उकिडवा बसलो. अंगठा तसाच हवेत फिरवला. डोळे तसेच बारीक केले, आणि चाचाच्या आवाजात — हुबेहूब, नाकातला सूर, वाक्याशेवटचा श्वाससुद्धा — म्हणालो, "मेरा टाका नै टूटा सेठ! मेरी गाडी बी नै टूटी! बाजू का सेठ टूटा!"

काय हसले म्हणून सांगू! हमाल पोट धरून खाली बसले. मिलमालक एकमेकाच्या पाठीवर थापा मारायले. अप्पा मोडलेला हात दुसऱ्या हातानं दाबून हसले, "आई गं, मारतो का काय ह्यो, आं?" दादा बी हसला. त्याची वळायला निघालेली मान परत गेली. कुणीतरी म्हणालं, परत कर. मी परत केलं. एकानं फोन काढला, त्याच्यासाठी तिसऱ्यांदा केलं.

आणि चाचा? चाचा बी हसला. परक्या घरी, न कळणाऱ्या गोष्टीवर माणूस हसतो तसा. आर्म त्याच्या हातातच होता. मंग त्यानं तो हळूच खाली ठेवला. त्याचा प्रश्न तिथंच राहिला. एकदा हसून झाल्यावर कुणी परत प्रश्नाकडं वळत न्हाई — हे मला माईकवर उभं राहून-राहून आज कळतं. पण खरं सांगू? तेव्हा बी कळत होतं. म्हणूनच तर केलं.

बस. हेच ते. गाडी मी पळवली, लोखंड मी वाकवलं, ते सगळं एखाद्याच्या हातनं होऊ शकतं. पण एक माणूस पन्नास जणांसमोर खरं बोलत होता, आणि मी त्याचं खरं त्याच्याच आवाजात खोटं करून टाकलं.

पुढचं तुला अंदाजानं बी कळंल. तो व्हिडिओ लातूरभर फिरला. मोंढ्यात हमालाच्या हातनं पोतं सुटलं की तो म्हणायचा, मेरा टाका नै टूटा. क्लासच्या पोरांना टेस्टमध्ये कमी मार्क पडले की तेच. चाचा दुकानातनं चहाला निघाला की पलीकडनं कुणीतरी ओरडायचं, "चाचा, लोहा टूटा क्या?" अप्पांनी मिलचं काम बंद केलं. बाकीच्या मिलांनी — त्यांना काय, अप्पांचं बघून. ज्याच्या टाक्यावर डाळमिलांची आख्खी लाईन डोळे मिटून विसंबायची, त्याच्या नावावर लोक हसायले. हसण्यावारी गेलेल्या माणसाकडं लिफ्टचं काम कोण देतं? वर्षाच्या आत दुकानाला कुलूप लागलं. गाडी अप्पांनी भंगारात घातली. दादा आता मिल बघतो, चांगली बघतो. गाडीचं नाव काढत न्हाई. माझं मात्र भलं झालं. त्या व्हिडिओवर मला नांदेडात पहिला कार्यक्रम मिळाला.

मागच्या उन्हाळ्यात नांदेडात एक लग्न होतं. दुपारचं. माईक माझ्याकडं. अक्षता झाल्या, पंगती सुरू झाल्या, आणि नवरदेवाच्या दोस्तांनी फर्माईश केली — "ते वेल्डर चाचा करा ना!" माझा हुकमी आयटम हाय तो. केला. टाळ्या, शिट्ट्या. वाकून नमस्कार करताना मंडपाच्या कडेला लोखंडी कमान दिसली, आणि कमानीपाशी हातात पाना घेऊन उभा खाजाचाचा. कमान त्यानंच उभी केली होती. मेव्हण्याच्या मंडप डेकोरेशनात रोजंदारीवर असतो आता, हे मला नंतर कळलं.

मी खाली उतरलो. पळून जायचं होतं, पण तो सरळ माझ्याकडंच आला. दाढी पांढरी झाली होती. म्हणालो, "सलाम चाचा." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "आवाज अच्छा निकालता रे तू. लेकिन मैं इतना जल्दी नै बोलता. जरा आहिस्ता बोलता मैं."

थट्टा न्हाई, टोमणा न्हाई. एखाद्या कारागिरानं दुसऱ्याच्या कामातली कसर दाखवावी तसं. माझ्यापुढं तो एक मिनिट तरी उभा होता. आसपास कुणी नव्हतं, माईक बंद होता. सांगायला याच्यापेक्षा चांगली वेळ कोणती?

मी म्हणालो, "हौ चाचा, सुधारतो."

आणि सुधारला. आता तो आयटम मी हळू करतो, चाचा बोलायचा तसाच, शब्द-शब्द तोलून. लोक आधीपेक्षा जास्त हसतात.